वरची निवळ

वहिनी गेली तेव्हा मी गिरगावात छापखान्यात होतो, एका लग्नपत्रिकेचे शिशाचे अक्षरखिळे जुळवत. आमच्याकडे फोन मालकांच्या टेबलावर असतो. मालकांनी तो खाली ठेवला, चष्मा काढला, माझ्यापाशी आले आणि माझ्या हातातली खिळ्यांची पट्टी काढून घेतली. चिडका माणूस, कामात कधी कोणाला हात लावत नाही. त्यावरूनच मी काय ते समजलो. आदल्याच रविवारी मी तिच्याकडे जाऊन आलो होतो. त्या भेटीत तिने मला एक प्रश्न विचारला होता, त्याबद्दल शेवटी सांगेन. आधी दुसरं सांगायचंय, आणि रागाने सांगायचंय.

बाराव्याला चाळीतली माणसं जेवायला बसली होती. तळमजल्यावरच्या कमळाबाई भात कालवता कालवता शेजारणीला म्हणाल्या, "स्वभावाने चांगली होती हो शेवंती. पण नवऱ्याला पेज पाजून घालवला, तेवढं तिच्या हातून वाईट झालं." असं म्हणाल्या आणि वरण मागितलं. मी वाढत होतो. वरणाची पळी माझ्या हातात होती, ती मी कमळाबाईंच्या डोक्यात घातली नाही हे माझ्या आईबापाचं पुण्य. "जेवा आणि गप घरी जा," एवढं मात्र मी बोललो, आणि सगळी पंगत माझ्याकडे बघत राहिली. माझी बायको मागाहून म्हणाली, मयताच्या जेवणात असं कोणी बोलतं का? नाही बोलत. पण चार वर्षं ही गोष्ट मी ऐकतोय. नळावर ऐकली, गणपतीत ऐकली, न्हाव्याकडेसुद्धा ऐकली. वहिनीने मला शपथ घातली होती म्हणून दातओठ खाऊन गप्प बसलो. आता ती नाही, आईही नाही, शपथ कोणासाठी पाळू?

शेवंती परब ही माझी वहिनी, सखाराम परब हा माझा थोरला भाऊ. करी रोडच्या आमच्या खोलीत ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. वडील नव्हते, आई मालवणाकडे गावी घर सांभाळून होती. म्हणजे मला वाढवलं ते ह्या दोघांनी. वहिनी गिरणीत वायंडिंग खात्यात होती. दिवसभर सुताची टोकं जोडून तिच्या बोटांना अशी सवय झाली होती की बोलता बोलता आपल्याच पदराचा धागा ओढून त्याला गाठ मारायची. बोलणं मात्र तुटक. गोड बोलणं तिला जमत नसे, आणि जमत नाही याचं वाईटही वाटत नसे. मी छापखान्यात लागलो त्या दिवशी सगळ्यांनी पाठ थोपटली. ही म्हणाली, "खिळे जुळवायला लागलात भावजी, आता बायको कधी जुळवताय ते बोला."

दादा तिच्या उलट. साच्यावर म्हणजे मागावर काम करायचा, आणि साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाज असा झाला होता की खोलीत कुजबुजला तरी खालच्या गल्लीत ऐकू जायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तो पुढे, गिरणीच्या गेटावर घोषणा द्यायला तो पुढे. तो "मुंबईसह" म्हणाला की बाकीची घोषणा शंभर माणसं पुरी करायची. पण चळवळ तापली त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून चाळीतल्यांनी औषधं सांगितली, कोणी मनगटाला डाग द्यायला नेलं, कोणी उसाचा रस पाजला. पिवळेपणा वाढतच गेला. अंगाला खाज, अन्नावरची वासना गेली, सदरा खांद्यावरून खाली यायला लागला. शेवटी वहिनीच त्याला परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथल्या सर्जननी सांगितलं की स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, पित्ताची वाट तिने अडवली आहे, ऑपरेशन मोठं आहे. फार मोठं. केलं तर आशा, नाही केलं तर नाही. 'स्वादुपिंड' हा शब्द दादाने पहिल्यांदाच ऐकला. बाहेर येऊन मला म्हणाला, "बघ रे, जल्मभर सुक्या बांगड्यापलीकडे स्वाद म्हायत नाय, आणि पिंड मात्र पोटात आधीच ठेवलेला." मी हसलो. वहिनी हसली नाही. तिने पदराचा धागा ओढला आणि गाठ मारली.

ऑपरेशनला अख्खा दिवस गेला, पण दादा टेबलावरून जिवंत उतरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वहिनीला आणि मला व्हरांड्यात बोलावलं. ते शांत बोलत, मराठी स्वच्छ. म्हणाले, "बाई, माझं काम झालं, आता तुमचं सुरू. ह्या ऑपरेशननंतर आतडी जागी होतात, पण जठर झोपून राहतं. काहींचं दोन दिवस, काहींचं दोन आठवडे. आत जे जाईल ते पुढे सरकत नाही, तिथेच साचतं. पोट फुगतं, टाके ओढले जातात. माणूस ओकला आणि ते श्वासात गेलं तर मग माझ्या हातात काही नाही. म्हणून ते झोपलंय तोवर त्याला रिकामं ठेवायचं आणि जागं व्हायला मदत करायची." नाकातून नळी घातली होती, तिच्यातून आतलं पाणी सिस्टर पिचकारीने ओढून काढत. पोटातून एक बारीक नळी थेट आतड्यात सोडली होती, तिच्यातून दूध आणि ग्लुकोज. तोंडाने काहीही नाही. पाठीला उशा लावून बसवायचं, धरून उभं करायचं, चालवायचं. आणि तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा: मळमळ, पोटाचा फुगारा आणि उचकी. "उचकी लागली तर एक क्षण थांबायचं नाही, आम्हाला बोलवायचं. आणि ज्या दिवशी ह्यांना आपणहून भूक लागेल, त्या दिवशी पेढे मी वाटीन."

वहिनी म्हणाली, "म्हणजे मोरी तुंबली असली की वरून घागर ओतायची नाही."

"अगदी तेवढंच," डॉक्टर म्हणाले.

तेवढंच! आमच्या माणसांत आजाऱ्याला काही न देणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार? भेटायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन यायचा. शहाळं, मोसंबी, देवळाचा प्रसाद, बायकोच्या हातचा शिरा. गिरणीतल्या लोकांनी तर फडक्यात बांधून तळलेली सुरमई आणली होती, सखारामला आवडते म्हणून. वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची आणि एकेकाला परत पाठवायची. सांगायची, "बसा, बोला, आणि जाताना डबा घेऊन जा." लोक रागावले. काय तर म्हणे, बाईचं काळीज दगडाचं. दादा स्वतः पाण्यासाठी रडायचा. ज्याच्या आवाजाने गेट हलायचं तो माणूस, नाकात नळी, "शेवंते, एक घोट गो... फक्त घसो ओलो कर" म्हणत राहायचा. ती ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसायची आणि तोंड फिरवायची. मग खांद्याला धरून त्याला उभा करायची. एका हातात नळीची बाटली, दुसऱ्या हातात नवरा, अशी ती त्या लांबलचक वॉर्डात फेऱ्या मारायची. रोज सकाळी एकच प्रश्न, "भूक लागली काय?" तो मान हलवायचा, नाही. आणि ती म्हणायची, "लागेल."

हळूहळू नळीतून येणारं पाणी कमी झालं. पोट मऊ राहिलं. एका सकाळी डॉक्टरांनी नाकातली नळी काढली, चमचा चमचा पाणी द्यायला सांगितलं आणि वहिनीला म्हणाले, "आता दोन-तीन दिवसच जपायचं. हेच दिवस फसवे असतात." त्याच सुमारास आई गावाहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरली. काखेत गाठोडं, गाठोड्यात नव्या भाताचे उकडे तांदूळ. मुलाला बघून तिने आधी त्याच्या पायावरून हात फिरवला, मग कपाळाला हात लावला, आणि मग मला विचारलं, "ह्येंनी माझ्या झिलाक उपाशी ठेवलानी?"

आता तो दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवरून सांगितलं गेलं आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगड आणि पोलीस. हे इतकं चिघळेल असं सकाळी कोणालाच वाटलं नव्हतं. वहिनी रात्रभर खाटेशी बसलेली होती, अंघोळ करून येते म्हणून घरी गेली आणि खाटेशी आई बसली. आईने आपल्या दुपारसाठी घरून पितळेच्या कडीच्या डब्यात पेज नेली होती. निघताना वहिनी तिला बजावून गेली, "आई, ह्येंका खावक कायएक द्यायचा नाय हां. कायएक नाय."

"खावक." हा शब्द लक्षात ठेवा. डॉक्टरांनी आम्हाला "तोंडाने काही नाही" असं सांगितलं होतं, नंतर फक्त पाण्याचे चमचे चालतील म्हणाले. वहिनीने त्याचं आईला समजेल असं करून सांगितलं. माझा धंदा खिळे जुळवण्याचा आहे, एक काना गळला तर काय होतं ते मी जाणतो. पण इथे खिळा गळला नव्हता. आमच्या घरात पेज कोणी खात नाही, पेज पितात. आई शेतावरून आली की पेज, ताप आला की पेज, बाळंतिणीला पेज, मरणाच्या दारातून परत आलेल्याला पेज. शितं खाली बसली की वर राहते ती निवळ तर पाण्यातच जमा. तिला खाणं म्हणतात हे माझ्या आईला सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनी घरी पोचली आणि लालबागेत गोळीबार झाला. संचारबंदी. गल्लीच्या तोंडाशी पोलीस, कोणाला बाहेर सोडेनात. मी इकडे गिरगावात अडकलेलो, छापखान्यात. आणि इस्पितळात गोळ्या लागलेली पोरं एकामागून एक येत होती. खाटा संपल्या, जमिनीवर निजवली. सिस्टर आणि डॉक्टर सगळे तिकडे धावले, ते धावणारच. दादाच्या खाटेशी माझी म्हातारी आई एकटी, ओरडा ऐकून भेदरलेली. आणि दुपारी दादाला उचकी लागली.

आमच्याकडे उचकी लागली की काय करतात हे तुम्हा वाचकांना मी सांगायला नको. कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली. आईने नावं घ्यायला सुरुवात केली. गावच्या मामाचं घेतलं, चुलत बहिणीचं घेतलं, देवळातल्या गुरवाचं घेतलं. नंतर मला सांगत होती, "सगळो गाव आठवण काढी होतो रे तेची, पण खयच्याच नावाक थांबना नाय." मग तिने दुसरा उपाय केला, जो प्रत्येक आई करते. उचकी लागली की घोटभर काहीतरी पाजतात. डब्यात पेज होती. वरची निवळ दिली. थोडं बरं वाटलं. मग आणखी दिली, मग खालची. दादाने नाही म्हटलं नाही. इतके दिवस ओल्या कापसावर आणि पाण्याच्या चमच्यांवर राहिलेला माणूस, तो कसला नाही म्हणतोय!

वहिनी संध्याकाळी पोचली. डोक्यावरून पदर, हात जोडून पोलिसांना "नवरा इस्पितळात" सांगत, गल्लीबोळांतून चालत. आई म्हणाली, "ये गो. आता वायच डोळो लागलो तेचो. उचकी लागली होती, पेज पाजलंय तेवा गप झालो."

"पेज?"

"मिया खावक खंय दिलंय? पियाक दिलंय. ती पण वरची निवळ." असं म्हणून आई डबा धुवायला नळावर गेली.

वहिनीने दादाच्या पोटावर हात ठेवला. वाजत होतं, घट्ट, ढोलकीसारखं. ती ओरडत वॉर्डभर धावली. एक सिस्टर आली, तिने डॉक्टरांना बोलावलं, ते तसेच आले, एप्रनवर कोणाचं तरी रक्त. नळी परत घालायला त्याला उठवून बसवला आणि तेवढ्यात तो ओकला... पांढरं. भाताची शितं. अर्धं बाहेर आलं आणि अर्धं श्वासात गेलं. तोंड निळं पडलं. डॉक्टरांनी त्याला उलटा वळवला, घसा ओढून साफ केला, नळी घातली. तो वाचला, त्या घटकेपुरता. मग डॉक्टर वहिनीकडे वळले आणि ज्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं ते सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "काय दिलंत ह्याला? कोणी दिलं?"

आई तेव्हा नळावरून डबा घेऊन परत येत होती.

वहिनी म्हणाली, "मी. मी पेज दिली."

डॉक्टर तिला काय काय बोलले ते तिने मला कधी पुरतं सांगितलं नाही. शेजारच्या खाटेजवळ आमच्या चाळीतला एक जण तेव्हा नुकताच येऊन बसला होता, त्याने सगळं ऐकलं. "इतकं समजावून सांगितलं, तुम्हाला काही अक्कल आहे की नाही?" हे त्याच्या तोंडून चाळीत पोचलं आणि चाळीतून कमळाबाईंच्या पंगतीपर्यंत आलं. वहिनी मान खाली घालून ऐकत राहिली. आईने विचारलं, "डाक्तर कित्याक बोबलता?" ती म्हणाली, "गोळ्या लागलेली माणसं येतायत ना, म्हणून."

मी दुसऱ्या सकाळी पोचलो तेव्हा दादाला ताप भरला होता, छाती घरघरत होती. तिने मला जिन्यावर नेलं, सगळं सांगितलं आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "भावजी, आईंना हे कळता नये. म्हातारी जगायची नाही. आणि चूक त्यांची नाहीच. मी 'खावक' बोलले, 'पियाक' बोलले नाही. एक शब्द कमी बोलले मी." मी म्हटलं, वहिनी, वेडी आहेस काय? ती म्हणाली, "शपथ आहे तुम्हाला." दादा त्यानंतर काही दिवस होता. एकदा डोळे उघडून, त्या नळ्यांमधून, मला म्हणाला, "आयेची पेज... बरी लागली रे." त्याच्या तोंडचं ते शेवटचं धड वाक्य. मला ते कोणाला सांगवत नाही, आणि विसरवतही नाही.

नंतर काही महिन्यांनी मी त्या डॉक्टरांना जाऊन भेटलो आणि खरं काय ते सांगितलं. शपथ चाळीपुरती होती, डॉक्टरांपुरती नव्हती, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. ते म्हणाले, "उचकी आधी लागली, पेज नंतर. म्हणजे जठर आधीच थांबलेलं होतं. त्या दिवशी एखादा माणूस मोकळा असता तर नळी वेळेवर पडली असती. त्या बाईंना सांगा, मी चुकीच्या माणसावर ओरडलो. आणि ओरडायला तिथे योग्य माणूसही कोणी नव्हता." मी हे वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "असेल," म्हणाली.

आई परत गावी गेली नाही. वहिनीनेच जाऊ दिलं नाही. एका खोलीत दोन विधवा, सासू आणि सून, आणि कोपऱ्यात हार घातलेला दादा. मी लग्न करून गिरगावात खोली घेतली, पण रविवार कधी चुकवला नाही. दादा गेल्यावर आईने पेज करणं सोडलं. उकडे तांदूळ तसेच गाठोड्यात. वहिनीच्या ते ध्यानात आलं. आईला संशय आलाय की काय, या भीतीने तिने एक दिवस स्वतः पेज केली, त्याच पितळेच्या डब्यात काढली, आईच्या समोर बसली आणि आधी स्वतः प्यायली. "पेज कोणाला बाधते काय आई? घ्या." आईने घेतली. तेव्हापासून रोज सकाळी गिरणीत जाण्याआधी दोघी समोरासमोर बसून पेज पीत. मी रविवारी हे बघायचो आणि मनात म्हणायचो, कमाल आहे बाईची, पचवलं सगळं. घरात कोणाला उचकी लागली की मात्र ती कोणाचं नाव घ्यायची नाही. हातातलं काम टाकून उठायची आणि त्या माणसाच्या पोटावर हात ठेवून बघायची. माझ्याही ठेवायची. माझी बायको पहिल्यांदा बघून चाटच पडली.

गेल्या हिवाळ्यात आई आजारी पडली, वयच झालं होतं. वहिनी कामावर असायची म्हणून मी दिवसा बसायला जायचो. एकदा मी वहिनीने करून ठेवलेली पेज तिच्या तोंडाशी नेली. तिने ओठ मिटले. मी म्हटलं, आई, घोटभर घे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माका नको रे पेज. सकाराम गेलो तेवापासून घशाखाली उतरना नाय."

"मग रोज पितेस ती?"

"ती माझ्यासाठी पिता, मगे मिया नको कशी म्हणू?"

मी पेज खाली ठेवली. मग तीच बोलली. नळावर बायका काय बोलतात ते तिने दादाच्या बाराव्याच्या आधीच ऐकलं होतं. शेवंतीने पेज पाजली म्हणतात. पेज कोणी पाजली ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "किती येळा तोंडात इला, सांगूया म्हणान. पण सांगलंय तर ती माझ्याकडे कशी बघतली? माका तिच्याशिवाय कोण आसा?" म्हातारी रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. "तू तिका सांगा नको हां. माका म्हायत आसा म्हणान सांगा नको. तेवढा तरी ऱ्हवांदे." मला आईचा राग आला, खोटं कशाला बोलू? सुनेच्या माथी एवढं मोठं पाप आणि ही गप्प! मग तिचे ते मिटलेले ओठ बघितले आणि तो राग कुठे ठेवावा कळेना. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आई गेल्यावर वहिनीने पेज केली नाही. डबा घासून फळीवर पालथा घातला. तिच्या छातीत कापूस बसलाय असं गिरणीच्या डॉक्टरने केव्हाच सांगितलं होतं, पण आई होती तोवर ती उभी होती. परवा महाराष्ट्र झाला. चाळीला दिवे लावले, गल्लीत ढोल वाजले, संध्याकाळी सगळे खाली उतरले. तिला जिना उतरवेना. दादाच्या फोटोकडे बघून म्हणाली, "झाला हो तुमचा एकदाचा." आणि खोकत बसली.

आणि तो शेवटचा रविवार. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, बोलताना मधे थांबत होती. बायकोने दिलेला शिरा तिने बाजूला ठेवला. मी उगाच छापखान्यातल्या गमती सांगत होतो. ती ऐकत नव्हती. एकदम म्हणाली, "भावजी, एक विचारू? आईंना कळलं होतं काय हो? पेजेचं?"

दोघींनी मला दोन बाजूंनी बांधून ठेवलं होतं. खरं सांगितलं असतं तर चार वर्षांची तिची रोजची सकाळ फुकट गेली असती. तिने सोसलं ते आईला कळू नये म्हणून, आणि आईला पहिल्यापासून कळलेलं. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "नाही वहिनी. आईला काही ठाऊक नव्हतं. पेज बाधली असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. पदराचा धागा ओढला, गाठ मात्र मारली नाही, तसाच सोडला. "मग झालं," म्हणाली आणि डोळे मिटले.

खोली रिकामी करताना बायकोने भांडी एकत्र केली. डबा हातात घेऊन म्हणाली, हाही देऊन टाकायचा का? मी तो घेऊन आलो. काल सकाळी तिला म्हटलं, आज पेज कर, उकड्या तांदळाची. केली, त्या डब्यात काढून समोर ठेवली. मी वरची निवळ घोटभर प्यायलो आणि मला उचकी लागली. पोटावर हात ठेवायला कोणी उठलं नाही. बायको चुलीपाशीच हसून म्हणाली, "कोण हो आठवण काढतंय?" आणि तिने नावं घ्यायला सुरुवात केली, गावचा मामा, छापखान्याचे मालक, कोणकोण. उचकी चालूच. मग मी मनात आईचं नाव घेतलं, दादाचं घेतलं. थांबली नाही. वहिनीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर थांबली असती. मी ती तशीच चालू दिली.